३३ मण्यांची न तुटणारी माळ

"अगं, ब्रेड काढून टाकलाय, आतलं नुसतं सारण आहे. तेवढं तरी खा!" असं कुणी प्रेमानं म्हटलं की माझी एक मैत्रीण हसते आणि ताटली हळूच बाजूला सरकवते. तिला सीलिअ‍ॅक आजार आहे. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. तिच्या पाठीमागे मग कुजबुज होते, "एवढ्याशानं काय होतंय? फॅडं नुसती!"

"एवढ्याशानं काय होतंय" हा प्रश्न टोमणा म्हणून वाईट असला, तरी विज्ञानाचा प्रश्न म्हणून फार चांगला आहे. एवढंसं म्हणजे नेमकं किती? आणि काय होतं म्हणजे कुठे, कसं? त्याच्या उत्तरात एक इतकं देखणं रसायनशास्त्र दडलंय की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी ग्लूटेन डोळ्यांनी बघून घ्या. मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पाण्याच्या भांड्यात तो गोळा हलक्या हातानं चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. तो चीक म्हणजे स्टार्च. पाणी बदलत चार-पाच वेळा असं केलं की हातात राखाडी-पिवळट, च्युइंगमसारखा ताणला जाणारा एक लिबलिबीत गोळा उरतो. हेच ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेकारी या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग १७४५ मध्ये छापून प्रसिद्ध केला. तांदळाच्या पिठावर तोच प्रयोग करा, हातात काहीच उरणार नाही. (बाजारात 'ग्लूटिनस राइस' नावाचा चिकट तांदूळ मिळतो. त्याचा चिकटपणा स्टार्चचा असतो, त्यात ग्लूटेन नसतं. नावावर जाऊ नका.) गव्हातलं हे ग्लूटेन ग्लायडिन आणि ग्लूटेनिन या प्रथिनांचं मिळून बनतं. बार्ली आणि राय ही धान्यं गव्हाची सख्खी भावंडं, त्यांच्यातही तशीच प्रथिनं असतात. तांदूळ, मका, ज्वारी हे त्याच गवतकुळातले, पण लांबचे नातेवाईक. त्यांचा त्रास नाही.

याच गोळ्यानं सीलिअ‍ॅकचं कोडं सोडवलं. अशक्त, फुगलेल्या पोटाची, सारखे जुलाब होणारी मुलं डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होती. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं होतं, पण कारण हाती लागत नव्हतं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे भीषण उपासमार झाली. ब्रेड मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. अशा दिवसांत या आजारी मुलांची तब्येत मात्र सुधारली, आणि ब्रेड परत आला तशी पुन्हा ढासळली. डिके यांचा प्रबंध १९५० चा. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांना गव्हाचा स्टार्च वेगळा आणि प्रथिन वेगळं देऊन, शौचावाटे न पचलेली चरबी किती जाते ते मोजलं. चीक निर्दोष निघाला, ताणला जाणारा गोळा दोषी ठरला.

आता माझा आवडता भाग.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. पचन म्हणजे ही माळ तोडून सुटे मणी करणं. त्यासाठी पोटात आणि आतड्यात पेप्सिन, ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन अशा कात्र्या आहेत. माळेचे मणी वीस प्रकारचे, पण त्यातला एक विक्षिप्त आहे, प्रोलिन. इतर मण्यांचं शेपूट बाहेर मोकळं लोंबत असतं. प्रोलिनचं शेपूट वळून परत माळेच्याच दोऱ्याला चिकटतं, त्याचं छोटं कडं तयार होतं. त्यामुळे माळ त्या जागी ताठ होते, हवी तशी वाकत नाही. आणि वाकली नाही तर कात्रीच्या पात्यांत नीट बसत नाही. आपल्या या कात्र्या प्रोलिनशेजारी हात टेकतात.

ग्लूटेनमध्ये प्रोलिनची नुसती रेलचेल आहे. स्टॅनफर्डमध्ये चैतन्य खोसला यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवून दिलं की ग्लायडिनच्या पचनातून ३३ मण्यांचा एक तुकडा तसाच शिल्लक राहतो. त्या ३३ मण्यांत १३ प्रोलिन आणि १० ग्लुटामिन आहेत, म्हणजे दोनच जातींचे २३ मणी! हा तुकडा पोटातल्या आम्लालाही दाद देत नाही आणि स्वादुपिंडाच्या रसालाही. लक्षात घ्या, हे फक्त आजारी माणसाच्या पोटात होत नाही. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच पोटात ग्लूटेन अर्धवटच पचतं. बहुतेकांच्या शरीराला त्याचं सोयरसुतक नसतं, एवढंच.

सीलिअ‍ॅकमध्ये पुढे घोटाळा करतो तो शरीराचाच एक प्रामाणिक नोकर. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज असं त्याचं लांबलचक नाव, आपण त्याला गवंडी म्हणू. जखम झाली की दोन प्रथिनांना एकमेकांशी जोडून भिंत सांधायची, हे या एन्झाइमचं काम. जोडताना तो ग्लुटामिनचा मणी पकडतो. सांधायला दुसरं प्रथिन हाताशी नसेल, तर पाण्याचा रेणू घेऊन त्या ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल करून टाकतो. बदल अगदी क्षुल्लक, पण विद्युतभार नसलेल्या मण्यावर आता ऋणभार आला. आणि हा गवंडी पकडतो कुठला ग्लुटामिन? ज्याच्या पुढे एक कुठलाही मणी सोडून प्रोलिन बसलेला असेल, तो त्याच्या खास आवडीचा. म्हणजे प्रोलिननंच आधी माळ तुटू दिली नाही, आणि आता खूण कुठे करायची हेही तोच दाखवतोय.

तिसरा टप्पा. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पेशी सापडलेले तुकडे एका तबकात ठेवून टी-पेशींना, म्हणजे लढायचं की नाही हे ठरवणाऱ्या पेशींना, दाखवतात. ही तबकं कोणत्या घडणीची, ते जनुकांवरून ठरतं. ऑस्लोच्या लुडविग सोलिड यांनी १९८९ मध्ये दाखवलं की सीलिअ‍ॅकच्या बहुतेक रुग्णांत डीक्यू-२ नावाचं तबक असतं. काहींत डीक्यू-८ असतं. या तबकांच्या खोबणीत धनभार आहे, त्यामुळे ऋणभाराची खूण झालेला तुकडा तिथे चपखल बसतो आणि हलता हलत नाही. टी-पेशींना वाटतं, शत्रू आला. त्या दाहाची रसायनं सोडतात आणि आतड्याचं अस्तर होरपळतं.

गंमत अजून संपलेली नाही. (इथे गोंधळ झाला तर दोष माझा, हा परिच्छेद ओलांडून पुढे गेलात तरी चालेल.) १९९७ मध्ये बर्लिनमध्ये डेटलेफ शुप्पान यांच्या गटानं शोधलं की या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं (शत्रूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं) चक्क त्या गवंड्याच्याच विरुद्ध असतात. का? याचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं : काम करताना गवंडी ग्लूटेनच्या तुकड्याला चिकटून बसतो. गवंड्याला ओळखणारी एखादी बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी पेशी, ही जोडगोळी गिळते, पण तबकात मांडते ग्लूटेनचा तुकडा. तो पाहून टी-पेशी तिला प्रतिपिंडं बनवायची परवानगी देते, आणि ती बनवते गवंड्याविरुद्ध. चोर एक, गुन्हा दाखल दुसऱ्यावर. पण ग्लूटेन बंद झालं की टी-पेशीची परवानगीही थांबते आणि प्रतिपिंडं हळूहळू उतरतात. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांमध्ये बाहेरचं कारण इतकं नेमकं माहीत असलेला दुसरा आजार सापडणं अवघड.

रक्ततपासणीत ही प्रतिपिंडंच शोधतात, आणि ग्लूटेन बंद झालं की ती उतरतात. म्हणूनच रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. माझ्या मैत्रिणीनं कुठलासा आहारसल्ला वाचून सात-आठ महिने गहू सोडला आणि नेमकी तेव्हाच तपासणी केली. निगेटिव्ह! पुढे दोन वर्षं ती लोहाच्या गोळ्या गिळत राहिली आणि हिमोग्लोबिन काही वर सरकेना. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "तेव्हा गहू खात होतात का?" आणि तपासणी पुन्हा, रीतसर, गहू खायला लावून केली. त्यानंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून निदान पक्कं झालं.

लोहच का कमी पडावं? लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे. सगळं अस्तर पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. २०१४ मधल्या एका स्वीडिश मोजणीनं ते सुमारे ३० चौरस मीटरवर आणलंय, तरी ते कमी नाही. सीलिअ‍ॅकमध्ये ही मखमल झिजून सपाट होते. जठराच्या लगेच पुढचा भाग सगळ्यात जास्त सोसतो, आणि लोह शोषलं जातं ते तिथेच. मग कॅल्शियमची पाळी, म्हणजे हाडं ठिसूळ. दूध पचवणारं एन्झाइम उंचवट्यांच्या टोकाशी असतं, म्हणून निदानानंतर काही काळ अनेकांना दूधही सोसत नाही. मखमल भरून आली की बहुतेकदा ते परत पचू लागतं. थकवा, तोंड येणं, मुलांची खुंटलेली उंची, कातडीवर खाजरे फोड, गर्भधारणेतल्या अडचणी, अशी कितीही सोंगं हा आजार घेतो. जुलाब झालेच पाहिजेत असं मुळीच नाही.

आता "एवढंसं". एक किलो गव्हाच्या पिठात ढोबळमानानं १०० ग्रॅमपर्यंत ग्लूटेन असतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन प्रयोगात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ, बोटांची चिमूट. ब्रेड काढून घेतलेल्या त्या सारणाला चिकटलेला चुरा एवढा सहज भरतो. 'ग्लूटेनमुक्त' म्हणायची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. असं अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्लं तरी हिशेब १० मिलिग्रॅमवर थांबतो.

शिजवून, तळून ग्लूटेन मरत नाही. उष्णतेनं माळेच्या घड्या बदलतात, मण्यांचा क्रम नाही, आणि भांडण क्रमाशी आहे. त्यामुळे ज्या तेलात मैद्याचं काही तळलं ते तेल बाद. 'प्राचीन गहू' म्हणून विकले जाणारे एमर, स्पेल्ट, आइनकॉर्न हेही गहूच, तेही बाद. सोया सॉस, माल्ट, औषधाच्या गोळीतलं भरण, सगळ्यांची लेबलं वाचायची. ओट्स बहुतेकांना चालतात, पण गव्हाची भेसळ नसलेले आणि डॉक्टरांना विचारून. शाम्पूची भीती मात्र सोडा, ग्लूटेन कातडीतून आत जात नाही.

चुकून खाल्लं गेलं तर उतारा नाही. भरपूर पाणी, विश्रांती आणि वाट बघणं. 'ग्लूटेन पचवणाऱ्या' गोळ्या सर्रास विकल्या जातात, त्यांच्या भरवशावर पाव खाणं म्हणजे फाटक्या छत्रीवर विसंबून पावसात जाणं. एवढं पथ्य पाळूनही त्रास होतच राहिला तर आधी लपलेलं ग्लूटेन शोधायचं, मग दूध, मग पोटाचे इतर आजार. पेशी तीन-पाच दिवसांत नव्या येत असल्या, तरी मोठ्या माणसांत मखमल पूर्ववत व्हायला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात.

आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांनी वजन उतरवायला किंवा 'आतडी शुद्ध करायला' ग्लूटेन सोडण्याचं खूळ? ग्लूटेनमुक्त बिस्किटात साखर आणि स्टार्च भरपूर, तंतू कमी. गव्हानं पोट फुगणाऱ्या अनेकांत दोष ग्लूटेनचा नसून फ्रुक्टन या कर्बोदकाचा निघतो. घरबसल्या जनुकतपासणी करून 'तुम्हाला धोका आहे' असं सांगणाऱ्यांचं तर बोलूच नका. ती तबकं तीस-चाळीस टक्के लोकांकडे असतात, आजार होतो साधारण शंभरात एकाला. जनुक नसेल तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नक्की नाही, एवढाच त्या तपासणीचा उपयोग.

गवंड्याचाच हात धरून ठेवणाऱ्या एका औषधाची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि थोडं ग्लूटेन खाऊनही आतड्याची इजा कमी झालेली दिसली. पण ते अजून प्रयोगाच्या टप्प्यावरचं औषध. माझ्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन आता बारावर आहे. तिच्या ओट्यावर दोन टोस्टर आहेत, एकाच्या दांडीला लाल चिकटपट्टी. लोण्याचे डबेही दोन. पाहुणा उठून लोण्याकडे सुरी नेऊ लागला की ती आधी सुरीकडे बघते.