स्वल्पविरामाने संपणारी सही

शनिवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत आमचा प्रोग्रामिंगचा छोटा अभ्यासगट जमतो. मागच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने जुन्या संग्रहातून उतरवून आणलेली, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली दोन ओळींची एक सही, म्हणजे संदेशाखाली सहीसारखा जोडायचा छोटा प्रोग्राम, फळ्यावर लिहिली. नुसती चिन्हेच चिन्हे, वाचता येईल असा एकही शब्द नाही. पण चालवली की पडद्यावर "जस्ट अनदर पर्ल हॅकर," हे शब्द उमटतात, म्हणजे 'आणखी एक पर्लवाला'. तासभर खपून मुलांनी तिची उकल केली आणि मग त्याच मुलाने विचारले, "सर, बाकी सगळं कळलं, पण शेवटी स्वल्पविराम कशाला? वाक्य तर संपलंय." त्या स्वल्पविरामामागे बराच इतिहास आहे, आणि या खेळाचे जे नियम कोणी कधी लिहून काढले नाहीत पण खेळणारे सगळे पाळतात, तेही त्याच इतिहासातून आले आहेत.

सुरुवात यूजनेट या संगणकांवरच्या सार्वजनिक चर्चांच्या जाळ्यापासून करावी लागते. 1979 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी त्याची कल्पना मांडली आणि 1980मध्ये ते प्रत्यक्ष सुरू झाले. एका संगणकावर लिहिलेला मजकूर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे, तिथून तिसऱ्याकडे असा नकलत जाई. प्रत्येक नकलेला फोनचे बिल पडत असल्याने प्रत्येक मजकुराखाली आपोआप चिकटणारी सही लांबलचक असणे म्हणजे शेकडो अनोळखी लोकांच्या खर्चात भर घालणे होते. त्यातून सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी असा दंडक रूढ झाला, आणि सही कुठे सुरू होते ते कळावे म्हणून तिच्या वर दोन आडव्या रेघा व एक मोकळी जागा सोडण्याची पद्धत पडली. 1995च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या इंटरनेट-शिष्टाचाराच्या मसुद्यातही चार ओळींचीच मर्यादा सांगितली आहे आणि कारणही तेच दिले आहे, की अनेक जण जोडणीचे पैसे मिनिटामिनिटाने मोजतात. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरची काही वर्षे पुण्यात मॉडेमचा आवाज ऐकत, एक डोळा घड्याळावर ठेवून ज्यांनी पत्रे उतरवून घेतली, त्यांना हे कारण समजावून सांगावे लागत नाही.

सहीला मर्यादा असणे मराठी माणसाला नवे नाही. शिवकालीन पत्रांत मजकूर संपताच मोर्तब उमटवलेली दिसते आणि तिच्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे असतात. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, असा तिचा अर्थ. अभंगाच्या शेवटी येणारी 'तुका म्हणे' ही नाममुद्राही अशीच, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या मापात बसणारी. बंधन घट्ट असले की त्याच्या आत कसब दाखवण्याची ओढ लागते. चार ओळींच्या सहीचेही तेच झाले.

दुर्बोध कोड लिहिण्याचा नाद मात्र पर्लच्या आधीचा आहे. 1984 साली लँडन कर्ट नॉल आणि लॅरी बॅसल हे दोघे नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये काम करत होते. बोर्न शेल या युनिक्समधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ कोड वाचताना त्यांना घाम फुटला, कारण स्टीव्ह बोर्न यांनी मॅक्रो, म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर घालणारे संक्षेप, वापरून सी भाषेला अल्गोल भाषेचे रूप दिले होते. यापेक्षा वाईट कोड कोणी मुद्दाम लिहून दाखवेल का, या प्रश्नातून आंतरराष्ट्रीय दुर्बोध सी कोड स्पर्धा जन्माला आली. पहिल्याच वर्षी जिंकलेल्या प्रवेशिकेत, प्रोग्राम जिथून सुरू होतो ते 'मेन' हे फंक्शन नव्हतेच. ती नुसती आकड्यांची रांग होती आणि ते आकडे म्हणजे पीडीपी-11 आणि व्हॅक्स या दोन यंत्रांची थेट यंत्रभाषा होती. परीक्षकांनी बक्षीस दिले आणि पुढच्या वर्षापासून यंत्रावर अवलंबून असलेला कोड वर्ज्य केला. 1994मध्ये एकाने शून्य बाइटची रिकामी फाइल पाठवून 'हा स्वतःचीच प्रत छापणारा प्रोग्राम आहे' असा दावा केला; तेव्हाही कौतुक झाले आणि मग ती पळवाट बुजवली गेली. पळवाट शोधणाऱ्याचा आधी सन्मान करायचा आणि नंतर नियम बदलायचा, ही रीत मला या परंपरेतली सर्वांत दिलदार गोष्ट वाटते.

याच स्पर्धेत 1986 आणि 1987 अशी लागोपाठ दोन वर्षे लॅरी वॉल विजेते ठरले, आणि 1987च्या डिसेंबरमध्ये त्यांनीच पर्ल भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगण्याची मुभा देणाऱ्या भाषेचा कर्ता आधी दुर्बोध कोडचा विजेता होता, हे लक्षात ठेवले की पुढचे सगळे ओघाने येते.

रँडल श्वार्ट्झ हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यूजनेटवर लोकांच्या प्रश्नांना पर्लमधून उत्तरे देत आणि खाली 'जस्ट अनदर पर्ल हॅकर,' असे लिहून पुढे आपले नाव घालत. इथे हॅकर म्हणजे चोर नव्हे, तर कसबी प्रोग्रामर. आपण पत्राच्या शेवटी 'आपला नम्र,' लिहून खाली सही करतो, तसाच हा स्वल्पविराम. त्याच्यानंतर नाव यायचे असते. पुढे श्वार्ट्झ हे वाक्य सरळ लिहिण्याऐवजी ते छापणारा छोटा प्रोग्राम लिहू लागले, दर खेपेला नव्या युक्तीचा. इतरांनी तो खेळ उचलला, वाक्याच्या जे, ए, पी, एच या इंग्रजी आद्याक्षरांवरून अशा सह्यांना 'जॅफ' म्हटले जाऊ लागले आणि स्वल्पविराम वाक्याचाच भाग होऊन बसला. तो गाळला तर जाणकार लगेच म्हणतो, 'तुझी सही चुकली.'

स्वल्पविरामासकट त्या वाक्यात मोकळ्या जागा धरून बरोबर 25 अक्षरे भरतात. मुलांनी ती चौकटीच्या वहीत पाच ओळी आणि पाच उभ्या रांगा अशी मांडली. पहिली उभी रांग वरून खाली वाचली की जे, ए, ई, आर, सी मिळते. दुसरी वाचली की यू, एन, आर, एल, के. पाचही रांगा अशा सलग लिहिल्या की कशाचा कशाला मेळ लागत नाही, पण स्वल्पविराम चौकोनाच्या शेवटच्या घरात असल्यामुळे दोन्ही वाचनांत शेवटीच राहतो. ओळींचे रांगांत रूपांतर करणारी एक छोटीशी कृती लिहिली की सही तयार. सगळी अक्षरे डोळ्यांसमोर, काहीही झाकलेले नाही, तरी वाचता येत नाही. उत्तम जॅफ ओळखण्याची खूण हीच.

म्हणूनच अक्षरांचे संकेतांक एका रांगेत मांडून ते परत अक्षरांत बदलणारी सही या मंडळींत हलकी समजली जाते. ते नुसते कुलूप झाले, त्यात कोडे कुठे आहे? त्याच न्यायाने दुसऱ्याच्या मॉड्यूलकडून, म्हणजे जोडून वापरता येणाऱ्या तयार कोडकडून, गुंता करून घेणेही कमी प्रतीचे मानतात. डेमियन कॉनवे यांचे 'ॲक्मी ब्लीच' हे मॉड्यूल अख्खा प्रोग्राम मोकळ्या जागा आणि टॅब यांत बदलून कोरा करून दाखवते. ती करामत कॉनवे यांची, वापरणाऱ्याची नव्हे. दुसऱ्याच्या सहीवरून आपली बेतली तर मूळ कर्त्याचे नाव घ्यायचे, आणि कोडे सुटले तरी इतरांना वेळ मिळण्याआधी उत्तर सांगायचे नाही, हे दोन संकेत आमच्या गटातही कोणी न सांगता रुजले.

सर्वांत महत्त्वाचा नियम वेगळा आहे. सही म्हणजे वाचणाऱ्याला दिलेले आमंत्रण असते: हे चालवून पाहा. तो चालवतो तेव्हा आपल्या यंत्राच्या किल्ल्या तो घटकाभर लिहिणाऱ्याच्या हाती देतो. या विश्वासाला तडा देणाऱ्या सह्याही होऊन गेल्या. त्यांतली एक ओळ फार गाजली. तिच्या पर्लच्या भागात मोजकीच अक्षरे आहेत, बाकी केवळ विरामचिन्हे आणि कंस आहेत. पण चिन्हांची अदलाबदल करून ती त्यांतूनच आज्ञा तयार करते आणि मग ती आज्ञा बजावते. ती आज्ञा असते यंत्रावरच्या सगळ्या फायली पुसून टाकण्याची. रचना म्हणून ती चतुर आहे हे मान्य करूनही मी तिला या परंपरेत जागा देत नाही. अर्थ दडवणे हा खेळ आहे, हेतू दडवणे हा घात आहे. अनोळखी सही चालवण्याआधी पर्लमधल्या डीपार्स नावाच्या सोयीने ती सुटी करून पाहावी असे मी मुलांना सांगतो. मात्र पर्लमधले 'बिगिन' असे नाव दिलेले तुकडे प्रोग्राम नुसता तपासायला घेतला तरी चालतात, म्हणून हा प्रयोगही मोडला तरी चालेल अशा वेगळ्या आभासी यंत्रावरच करायचा.

या फरकाला पुढे स्पर्धेचेही रूप मिळाले. 2005पासून काही वर्षे भरलेल्या 'अंडरहँडेड सी' स्पर्धेत कोड स्वच्छ, सुवाच्य आणि निरागस दिसायला हवा असे, पण आत काही दगा दडलेला असावा लागे. सुरक्षेच्या अभ्यासाला तिचा उपयोग आहेच. जॅफ नेमका याच्या उलट असतो, वरून भयंकर आणि आत निरुपद्रवी.

सहीने कधी कधी खेळापलीकडचेही काम केले. 1995मध्ये ॲडम बॅक यांनी आरएसए ही कूटलेखनाची, म्हणजे मजकूर गुप्त करण्याची, पद्धत पर्लच्या तीन ओळींत बसवली आणि ती सही म्हणून फिरू लागली. त्या काळी अमेरिकेच्या निर्यात-नियमांत सशक्त कूटलेखन युद्धसामग्रीत मोडत असे, त्यामुळे पत्राखालच्या तीन ओळी परदेशी पाठवणे हा कागदोपत्री गुन्हा ठरू शकत होता. लोकांनी त्या ओळी टी-शर्टवर छापून घेतल्या. चार ओळींच्या मर्यादेत राहून एका कायद्याचा फोलपणा दाखवून देणारा याहून नेटका निषेध मला ठाऊक नाही.

जॅफची जागा सहीत, कामाच्या कोडमध्ये नव्हे, हा संकेत तर सांगायलाच नको. रात्री दोन वाजता दुसऱ्या कोणाला जो कोड दुरुस्त करावा लागणार आहे, त्यात कोडी घालणे अन्यायाचे आहे. तरीही या खेळाचा भाषेला उपयोग झाला. ॲबिगेल या एकाच नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरचे जॅफ इतके कानाकोपऱ्यांतून जाणारे होते की पर्लच्या स्वतःच्या कसोट्यांत त्यांची एक फाइल घेतली गेली. 5.8.0 आवृत्तीच्या वेळी 'टॉर्चर टेस्ट' नावाच्या खडतर कसोटीत नेहमीच्या तपासण्यांखेरीज जादा होते ते केवळ हे जॅफ.

स्वल्पविरामाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने पुढच्या शनिवारी स्वतःची सही आणली, मराठीत: 'आणखी एक पर्लकर,'. युक्ती सगळ्यांत जुनी होती, वाक्य उलटे लिहून ठेवायचे आणि चालवताना सुलटे करायचे. पण इंग्रजीत अक्षरे जशी सुटी उलटतात तशी देवनागरीत उलटत नाहीत. 'पर्लकर'चे 'रकल्रप' झाले, रफार जाऊन नवेच जोडाक्षर उभे राहिले, आणि 'आणखी'मधली वेलांटी आपल्या 'ख'ला सोडून एकटीच पुढे येऊन बसली. पहिल्यांदा चालवली तेव्हा पडद्यावर नुसते प्रश्नचिन्हांचे चौकोन आले, कारण त्याचे पर्ल अक्षरांऐवजी बाइट उलटत होते. मजकूर यूटीएफ-8मध्ये, म्हणजे एकेक देवनागरी अक्षर अनेक बाइटांत साठवणाऱ्या पद्धतीत, आहे हे प्रोग्रामला सांगणारी सूचना घातल्यावर ती नीट चालली. त्याच्या कोडमध्ये स्वल्पविराम सगळ्यांच्या आधी लिहिलेला होता. पडद्यावर तो शेवटी आला, आणि त्याच्यापुढे त्याने खडूने आपले नाव लिहिले.