सापाला जवळचं कोण: सापसुरळी की सरडा?

सोलापूरच्या माळावर दगड उलटला की सापसुरळी सळसळत निघते. (दगड काठीनेच उलटावा, खाली फुरसंही असू शकतं.) चकचकीत खवले, आखूड पाय आणि पळताना अंग वळवण्याची तऱ्हा पाहून सापाची सख्खी नातलग हीच, असं कुणालाही वाटेल. जनुकं मात्र वेगळं सांगतात. बाभळीवर मान हलवणारा सरडा आणि बांधावरची घोरपड हे दोघे सापाला तिच्यापेक्षा जवळचे आहेत.

जुनं वर्गीकरण हाडं आणि जीभ बघून केलेलं होतं. त्यात भक्ष्य जिभेने पकडणारे सरडे, शॅमेलिऑन आणि इग्वाना बाकीच्यांपासून सर्वांत आधी वेगळे झाले असं मानत. 2005 मध्ये निकोलस विडाल आणि ब्लेअर हेजेस या संशोधकांनी पेशीकेंद्रातली नऊ जनुकं तपासली आणि चित्र उलटलं. पाली फार आधी फुटल्या, सापसुरळ्या त्यानंतर. साप, सरडे आणि घोरपडीचा गट नात्याच्या झाडाच्या एकाच फांदीवर आले. या फांदीचं नाव टॉक्सिकोफेरा. 2012 मध्ये 161 जाती आणि 44 जनुकं घेऊन केलेल्या कामातूनही हीच फांदी निघाली.

हे नातं काढायला शेपटीच्या टोकाचा अगदी छोटा तुकडा पुरतो. तो 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचा. फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर डीएनए प्रथिनांना चिकटून बसतो, तुटतो आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिला हातही लावता येत नाही. मग प्रोटीनेज-के हे विकर घालून 56 अंशांवर ऊती विरघळवायची, डीएनए वेगळा करायचा, आरएजी-1 किंवा सी-मॉससारखं जनुक पीसीआरने (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने) वाढवायचं आणि त्यातल्या अक्षरांचा क्रम वाचायचा. प्रत्येक खेपेला एका नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालतात. त्या नळीतही जनुक वाढलं, तर कुठेतरी भेसळ झाली आहे. ती खेप टाकून द्यायची. क्रम जुळवताना मध्येच थांबा-संकेत (प्रथिन इथे संपलं असं सांगणारी खूण) आला तर वाचन चुकलंय किंवा जनुकाची निकामी प्रत हाती लागली आहे.

खरा धोका जनुकाच्या निवडीत आहे. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए सहज मिळतो, म्हणून तोच वापरायचा मोह होतो. पण सापांमध्ये तो झपाट्याने बदलला आहे. 2009 मध्ये दिसून आलं की साप आणि आपल्या सरड्यांचं कुळ यांच्या मायटोकॉन्ड्रियात तेच बदल स्वतंत्रपणे घडले आहेत. नुसत्या या डीएनएवर झाड काढलं, तर हे दोघे खऱ्यापेक्षा जास्त जवळ दिसतात. म्हणूनच पेशीकेंद्रातली अनेक जनुकं एकत्र घेणं आवश्यक ठरतं.

साप, सरडे आणि घोरपड या तिघांत आधी कोण फुटलं, यावर मात्र वाद आहे. बहुतेक मोठ्या अभ्यासांत सरडे आणि घोरपड एकमेकांना जवळचे आणि साप त्यांच्या शेजारी असं दिसतं. तिघे थोड्याच काळात वेगळे झाल्यामुळे फरक नोंदवणारे बदल मोजकेच उरले आहेत. या गटाच्या समाईक पूर्वजाकडेच विषग्रंथींचा आरंभ झाला होता का, हाही प्रश्न वादातला आहे. पाल मात्र या फांदीच्या पूर्ण बाहेर आहे आणि तिला विषग्रंथीच नाहीत. पाल पडलेलं दूध विषाने बाधतं ही समजूत सोडून द्यावी. त्यात पालीच्या पोटातले जंतू मिसळू शकतात, म्हणून ते टाकून द्यावं एवढंच.