लाईट गेल्यावर सोलर का थांबतं आणि आल्यावरही का रुसतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्य घर’ योजना आली, ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं आणि गावोगावच्या गच्च्यांवर पॅनल दिसू लागले. त्यांच्यामागोमाग एक तक्रारही आली. भर दुपारी लाईट जाते, वर रणरणतं ऊन असतं, तरी घरातला पंखा थांबतो. कुणी म्हणतं मशीन खराब निघालं, कुणी म्हणतं महावितरणनं मुद्दाम तसं करून ठेवलंय. दोन्ही चूक. बॅटरी नसलेला सोलर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारं मशीन, लाईट जाताच थांबत असेल, तर तो ठणठणीत आहे.

पुरवठा बंद करून खांबावर चढलेल्या लाईनमनचा विचार करा. आपल्या गच्चीवरची वीज तारेत मागे गेली, तर ट्रान्सफॉर्मर ती उलट्या दिशेनंही चढवतो. घराकडच्या बाजूच्या (तीन फेजमधल्या) ४३३ व्होल्टचे वरच्या तारेत ११,००० व्होल्ट होतात. म्हणूनच केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०१३ चा नियम सांगतो, की ग्रिड, म्हणजे तारांच्या जाळ्यातून येणारा पुरवठा, गेल्यावर २ सेकंदांच्या आत सोलरनं वीज सोडणं थांबवायचं.

पण ग्रिड गेलं हे मशीनला कळतं कसं? मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

हा इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज तयार करत नाही. तो ग्रिडची लहर पाहतो आणि तिच्या तालात करंट सोडतो. समजा तो १० अँपिअर सोडतोय आणि ग्रिड गेलं. आता व्होल्टेज ठरणार ते तारेवर उरलेल्या उपकरणांच्या रोधावर. रोध ४६ ओहम असेल तर व्होल्टेज ४६० कडे धावेल, ११.५ असेल तर ११५ वर कोसळेल. दोन्ही वेळा मशीन लगेच ओळखेल. पण रोध नेमका २३ ओहम निघाला तर? १० गुणिले २३, म्हणजे बरोबर २३० व्होल्ट. ग्रिड मेलेलं असूनही सगळं जागच्या जागी दिसेल. असा योग क्वचित येतो, पण लाईनमनचा जीव योगायोगावर सोडता येत नाही.

म्हणून इन्व्हर्टर सतत एक खोडी काढतो. लहरीच्या प्रत्येक आवर्तनात तो आपला करंट वेळेच्या किंचित आधी संपवतो. हजारोंच्या दिंडीत एका वारकऱ्यानं पाऊल जरा भरभर टाकलं तरी टाळांची लय बदलत नाही, पण मागे दोघे-तिघेच उरले तर ते त्याच्याच लयीत चालू लागतात. इथेही तसंच होतं. ३१ डिसेंबर २०१३ पासून दक्षिण भारतासह अख्खा देश एकाच ग्रिडवर, एकाच तालात चालतो. मे २०२४ मध्ये या ग्रिडवरची मागणी २५० गिगावॉटपर्यंत गेली होती. एवढ्या पसाऱ्याला आपल्या ३ किलोवॉटची खोडी जाणवतही नाही. ग्रिड नसेल तेव्हा मात्र व्होल्टेजची लहर इन्व्हर्टरच्या करंटमागे जाते आणि तीही थोडी लवकर संपते. तोच नवा ताल समजून इन्व्हर्टर आणखी पुढे सरकतो. वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० वरून ५०.१, ५०.२ अशी चढत ५०.५ हर्ट्झ ओलांडते आणि मशीन थांबतं. तारेवरच्या मोटारी आणि कपॅसिटर एकमेकांशी असे जुळले, की त्यांचा स्वतःचाच ताल ५० हर्ट्झचा झाला (याला अनुनाद म्हणतात), तर हा ताल सहजी हलत नाही. म्हणून प्रयोगशाळेत इन्व्हर्टरची परीक्षा मुद्दाम अशाच जुळवलेल्या भारावर घेतात.

आता लाईट परत आल्यानंतरचं. आधी थांबा. व्होल्टेज आणि वारंवारिता किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय मशीन जोडलं जात नाही, काही मशीन ५ मिनिटं घेतात. मधे व्होल्टेज हललं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घरात लाईट आहे, पण इन्व्हर्टर ग्रिड नसल्याचं दाखवतोय? मग इन्व्हर्टर आणि घराच्या वायरिंगमधल्या एसीडीबी नावाच्या पेटीतला एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) पडलाय का बघा. एकदा उचला. पुन्हा पडला तर तंत्रज्ञाला बोलवा.

पडद्यावर जास्त व्होल्टेजची तक्रार असेल तर आकडा वाचा. मर्यादा २५३ व्होल्टची आहे. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या गल्लीत, दुपारी सगळ्यांचीच वीज मागे जात असताना ती ओलांडली जाते. आकड्याचा फोटो काढून महावितरणकडे तक्रार करा. पण आकडा ३०० च्या वर दिसला आणि दिवे भगभगले, तर तुटलेल्या न्यूट्रलची (वीज परत नेणाऱ्या तारेची) शंका घ्या आणि आधी मेन स्विच बंद करा.

काही घरांत मशीन वारंवार बंद पडतं म्हणून ते आग्नेय कोपऱ्यात हलवायचा सल्ला मिळतो. वास्तुशास्त्राचं हे म्हणणं मशीनच्या कामाचं नाही. त्याला सावली आणि चहूबाजूंनी मोकळी हवा लागते. आग्नेयेची भिंत सकाळी उन्हानं तापत असेल, तर तिथे ते तापून वीजच कमी देईल.

पावसानंतर पडद्यावर इन्सुलेशनचा (वायरीच्या आवरणाचा) दोष दिसला तर कुठेतरी पॅनलकडून येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या, वायरीत किंवा जोडात पाणी शिरलेलं असतं. तो जोड स्वतः उपसू नका. घरातला एसी करंट दिशा बदलताना सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला वाव असतो. डीसी शून्यावर येतच नाही. चालू करंटमध्ये जोड ओढला तर लागलेली ज्योत तशीच जळत राहते, आणि पॅनलच्या साखळीत शेकडो व्होल्ट असतात. आधी एसीचा स्विच, मग डीसीचा आयसोलेटर (पॅनलची वीज तोडणारा स्विच) बंद करा. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला ५ मिनिटं जाऊ द्या, आणि पुढचं काम मीटर हाताळणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्या. स्विच बंद असले तरी ऊन आहे तोवर पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतच्या वायरी जिवंतच असतात.