अंगठे किती, यापेक्षा अंगठे कुणाचे: आमच्या मासिक अहवालातला ‘प्रतिसाद’ रकाना कसा वाचावा

तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा जो अहवाल आम्ही दर महिन्याला पाठवतो, त्यातल्या ‘प्रतिसाद’ या रकान्यावरून आम्हाला सर्वात जास्त फोन येतात. प्रश्न बहुधा एकच असतो : या महिन्यात अंगठे कमी दिसतायत, ग्रुप थंड पडला का? नुसत्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. ग्रुप कृषी सेवा केंद्राचा असो, सोसायटीचा, क्लासचा की गृहउद्योगाचा, हा रकाना कसा बघायचा ते इथे सांगतो.

मेसेजवर चिन्ह उमटवायची सोय व्हॉट्सॲपवर मे २०२२ मध्ये आली. तेव्हा सहाच चिन्हं होती : अंगठा, बदाम, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, चकित चेहरा, रडवेला चेहरा आणि जोडलेले हात. जुलैपासून कुठलंही चिन्ह चालू लागलं. त्यामुळे ‘ओके सर’, ‘धन्यवाद साहेब’ यांची रांग थांबली आणि कामाचे मेसेज वर राहू लागले. मात्र चिन्हाचा अर्थ त्याच्या वरच्या मेसेजवर ठरतो. निधनाच्या बातमीखालचे जोडलेले हात म्हणजे श्रद्धांजली, आरतीच्या फोटोखालचे म्हणजे नमस्कार, आणि मेंटेनन्सच्या आठवणीखालचे म्हणजे ‘थोडं सांभाळून घ्या’. म्हणून सगळ्या चिन्हांची एकच बेरीज आम्ही देत नाही. मेसेजचा प्रकार आणि त्याखालची चिन्हं अशी जोडी देतो.

एक मेसेज जवळून बघू

द्राक्ष बागायतदारांचा ग्रुप घ्या. ऑक्टोबरची फळछाटणी होऊन गेली आहे, हवा ढगाळ आहे, पावसाचा अंदाज आहे. अशा वेळी डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका मोठा असतो, म्हणून केंद्राने संध्याकाळी फवारणीचा सल्ला टाकला. समजा ग्रुपमध्ये २४० मेंबर आहेत. मेसेज दाबून धरून ‘माहिती’ उघडली तर १९० जणांनी वाचलेला दिसतो. अंगठे आहेत ३५. त्याच दिवशी सकाळी टाकलेल्या सुप्रभातच्या फुलांना मात्र ८० बदाम.

हे बघून सल्ल्यात लोकांना रस नाही, असं ठरवू नका. वाचून गप्प राहिलेल्या १५५ जणांची नावं काढा आणि प्रत्येकाची छाटणी कधी झाली ते पुढे लिहा. पुष्कळदा इथेच उलगडा होतो. ज्यांचे प्लॉट आगाप छाटलेले आहेत ते फुलोऱ्याच्याही पुढे गेलेले असतात, आणि ज्यांनी उशिरा छाटणी केली त्यांचा प्लॉट अजून पोंग्यात, म्हणजे कोंब फुटण्याच्या अवस्थेत, असतो. सल्ला नेमक्या मधल्या टप्प्याचा असेल, तर बाकीच्यांनी अंगठा द्यावा तरी कशाला? मग पुढचा सल्ला छाटणीच्या दिवसांप्रमाणे वेगवेगळा टाकायचा, हे उत्तर त्या शांततेतूनच मिळतं. आमच्या मते या रकान्याचा सर्वात मोठा उपयोग हाच आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. ग्रुपमधला नंबर बाग बघणाऱ्याचाच आहे ना? पुष्कळ घरांत तो पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असतो. मुलगा वाचतो, अंगठाही देतो, आणि वडिलांना निरोप पोहोचतो दुसऱ्या दिवशी दुपारी. तिथे अंगठा असूनही काम झालेलं नसतं.

‘वाचलं’ याही नोंदीला मर्यादा आहेत. पन्नास मेसेज साचलेला ग्रुप नुसता उघडून खाली सरकवला तरी वाचल्याची नोंद होते. उलट, वर आलेल्या सूचनेतच मजकूर वाचून घेतला आणि ग्रुप उघडला नाही, तर होत नाही.

गप्प मेंबरांची काळजी करण्याआधी एक जुना ठोकताळा माहीत असू द्या. वेबसाइट वापरणाऱ्यांचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलं होतं की बहुतेक ऑनलाइन समूहांत ९० टक्के लोक नुसते बघतात, ९ टक्के अधूनमधून काही लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या १ टक्क्याकडून येतो. एकमेकांना ओळखणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये बोलणारे यापेक्षा जास्त असतात. तरीही, तेच पंधरा-वीस जण महिनोन्‌महिने प्रत्येक मेसेजला अंगठा देत असतील तर आकडा चांगला दिसेल, पण ग्रुप वाढलेला नसेल. म्हणून त्या महिन्यात पहिल्यांदाच चिन्ह दिलेली माणसं आम्ही वेगळी दाखवतो. अहवाल उघडलात की आधी ती ओळ बघा.

आकडा वाढवण्याच्या मागे लागू नका

इथे फेसबुकचा अनुभव सांगायलाच हवा. २०१६ मध्ये त्यांनी नुसत्या लाइकच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग ही चिन्हं दिली. पुढच्या वर्षापासून कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना यातल्या प्रत्येक चिन्हाला लाइकच्या पाचपट वजन दिलं जाऊ लागलं, रागालासुद्धा. ज्यांच्यावर राग जास्त उमटतो त्या पोस्टमध्ये खोटी माहिती आणि विखारी मजकूर निघण्याचं प्रमाण जास्त आहे, हे त्यांच्याच अभ्यासकांना आढळलं. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये रागाचं वजन शून्य केलं गेलं. तुमच्या ग्रुपमध्येही असंच होतं. सोसायटीतल्या पार्किंगच्या वादाला जेवढी चिन्हं मिळतात तेवढी पाण्याची टाकी धुण्याच्या तारखेला कधीच मिळणार नाहीत, पण ती तारीख सगळ्यांना कळणं जास्त गरजेचं आहे.

खरोखर उत्तर हवं असेल तेव्हा चिन्हाचा अर्थ तुम्हीच ठरवून द्या. ‘फवारणी झाली असेल तर अंगठा, शंका असेल तर वर केलेला हात’ अशी एक ओळ मेसेजच्या शेवटी टाका आणि वर केलेल्या प्रत्येक हाताला त्याच दिवशी फोन करा. फोन होणार नसेल तर ती ओळ टाकूच नका, कारण विचारून दखल न घेतलेला माणूस पुढच्या वेळी हात वर करत नाही. दोनपेक्षा जास्त पर्याय असतील तर पोल सोयीचा, त्यात बारापर्यंत पर्याय देता येतात.

व्हॉट्सॲप चॅनल चालवणाऱ्यांसाठी : चॅनलवर चिन्हांची संख्या दिसते, चिन्ह कुणी दिलं ते दिसत नाही. त्यामुळे वर सांगितलेली नावांची पद्धत तिथे चालत नाही, आणि तुमच्या अहवालात ‘पहिल्यांदा चिन्ह देणारे’ ही ओळ नसते.

नोंद ठेवण्यासाठी ग्रुपमध्ये आमचा एक नंबर असतो. तो कशासाठी आहे हे मेंबरांना सांगणारा मेसेज ॲडमिननी एकदा टाकावा, ही आमची अट आहे. नावांची यादी फक्त ॲडमिनकडे जाते. ती ग्रुपवर टाकून ‘यांनी उत्तर दिलेलं नाही’ असं जाहीर करू नका. छाटणीच्या तारखा किंवा फ्लॅट नंबर यादीला जोडून हवे असतील तर एक्सेल फाइल पाठवा, पुढच्या अहवालापासून तो रकाना वाढवून देऊ.