मॅस्टोडॉन की ब्लूस्काय : खातं हलवताना सोबत काय येतं?

अहिराणी ओव्या, म्हणी, कानबाईची गाणी ऑनलाइन टाकणारे आता धुळे, जळगाव, नंदुरबारात बरेच आहेत. यातलं कितीतरी कुठेच छापलेलं नाही. ऑर्कुट ही सोशल नेटवर्किंग साइट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झाली, तसं आपल्या खात्याचं झालं तर? या काळजीवर उपाय म्हणून मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या दोन सोशल नेटवर्कची नावं एका दमात घेतली जातात. दोन्ही सारखीच आहेत असं समजून खातं उघडू नका.

मॅस्टोडॉन २०१६चं. त्याचे सर्व्हर अनेक, चालवणारे वेगवेगळे, पण सगळे एकमेकांशी जोडलेले. मात्र तुमच्या नावाला सर्व्हरचं नाव चिकटलेलं असतं. सर्व्हर बदलला की पत्ता बदलतो. फॉलोअर नव्या खात्याकडे वळवता येतात, जुन्या पोस्ट तिथेच राहतात. आणि हे वळवणंही जुना सर्व्हर चालू आहे तोवरच. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाने घेतलेल्या वेब पत्त्यावर, स्वतःचा सर्व्हर चालवला तर नाव तुमचं, पण तो सांभाळणं हे कायमचं काम आहे.

ब्लूस्कायमध्ये दिसणारं नाव वेगळं आणि खरी ओळख वेगळी. ओळख म्हणजे डीआयडी, खात्याला मिळणारा न बदलणारा क्रमांक. नाव म्हणून स्वतःचं डोमेन लावता येतं. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद पुरते, सर्व्हर लागत नाही. पुढे सर्व्हर बदलला तरी, मोबाइल कंपनी बदलूनही नंबर तोच राहावा तसं, नाव, पोस्ट आणि फॉलोअर तुमच्यासोबत येतात.

पण इथेही सगळं आपोआप आपल्या हातात येत नाही. डीआयडीची मुख्य नोंदवही ब्लूस्काय कंपनीनेच उभारली आहे. ओळखीची किल्लीही सुरुवातीला सर्व्हरकडेच असते. स्वतःची रिकव्हरी की, म्हणजे ओळखीची स्वतःजवळची किल्ली, जोडली आणि खात्याची प्रत उतरवून ठेवली, तरच सर्व्हर अचानक बंद पडल्यावर दुसरीकडे जाता येतं. त्या प्रतीत फोटो-व्हिडिओ नसतात, ते वेगळे उतरवावे लागतात. गाण्यांचे व्हिडिओ टाकणाऱ्यांनी हे विसरू नये.

अहिराणीत लिहिणाऱ्यांना मी ब्लूस्काय सुचवेन, तेही स्वतःच्या डोमेनसह. डोमेनचे पैसे ठराविक मुदतीने भरावे लागतात. डोमेन हातचं गेलं तरी डीआयडी टिकतो आणि नवं नाव लावता येतं. खातं मंडळाचं असेल, तर डोमेनचा पासवर्ड आणि रिकव्हरी की एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. दोघा-तिघांकडे असू द्या.