७० पौंडांचंच धनुष्य हवं, हा गैरसमज

शिकारीचं कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) ७० पौंडांचंच, म्हणजे दोरी ओढायला ७० पौंड जोर लागणारं घ्यावं, लेट-ऑफमुळे, म्हणजे पूर्ण ताणल्यावर ओढ हलकी होत असल्यामुळे भार जाणवतच नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ताणल्यावर हातात १४ पौंड उरतात खरे. पण कॅम, म्हणजे ती टोकांची चाकं, वळेपर्यंत ७० पौंड ओढावेच लागतात. थंडीत तासभर निश्चल बसून आखडलेल्या खांद्याला ते झेपत नाही. मग धनुष्य आभाळाकडे उचलून ओढलं जातं आणि सावज बुजतं.

घेण्यापूर्वी खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, बाण लावून धनुष्य निशाण्याच्या रेषेत सावकाश ओढा. हात थरथरले तर कमी पौंडांचं घ्या. बाण न लावता दोरी मात्र कधीच सोडू नका. सगळा धक्का लिम्सवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवर येतो आणि ते तडकू शकतात.