आजीच्या जपमाळेमागचा काळ

ठाण्यातील आमच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळी सात वाजता टीव्ही बंद होत असे, कारण ती आजीच्या जपमाळेची वेळ होती. गेल्या पावसाळ्यात ९४व्या वर्षी ती गेली, तेव्हा सांत्वनाला आलेल्या बहुतेकांनी तिची भक्ती ‘जुन्या वळणाची’ असल्याचे म्हटले. मात्र हे वळण दिसते तितके सरळ नव्हते.

ठाण्यात ख्रिस्ती नाव पोर्तुगीजांच्याही आधी पोहोचले होते. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या चार धर्मप्रसारकांना येथेच ठार मारण्यात आले. तरी आजीच्या घराण्याचा धर्म १५३४च्या तहाने वसई आणि साष्टी (ठाणे ज्यावर वसले आहे ते बेट) पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरचाच असावा. पूर्वजांनी तो स्वखुशीने घेतला की दबावाखाली, हे घरात कोणी सांगत नसे. आडनाव पोर्तुगीज झाले, बोली मात्र मराठीच राहिली आणि अंगावरचे लुगडेही सुटले नाही. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले, अनेक चर्चे ओस पडली आणि उरलेल्यांचा भार मुख्यतः गोव्याकडच्या धर्मगुरूंवर आला. अशा काळात घरातली प्रार्थना बायकांनीच सांभाळली असणार, असे मला आजीकडे पाहून नेहमी वाटे. पुढे नोकऱ्यांसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती लोकांपासून वेगळी ओळख सांगण्यासाठी १८८७ मध्ये या मूळ रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

आजी लहानपणी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकत असे. अर्थ कळत नव्हता, पण उत्तरे तोंडपाठ होती. कॅथलिक चर्चमध्ये बदल घडवणारी धर्मसभा, म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६५ मध्ये संपली आणि मिस्सा हळूहळू लोकभाषेत आली, तेव्हा ती पस्तिशीच्या आसपास होती. त्यानंतर तिने ‘नमो मारिया’ ही जपमाळेची प्रार्थना मराठीत म्हटली खरी, परंतु मारियामातेच्या लितानीला, म्हणजे तिची एकेक नावे घेऊन केलेल्या विनवणीला, ती अखेरपर्यंत ‘ओरा प्रो नोबिस’ हेच उत्तर देत राहिली. धाकट्या सुनेने एकदा ‘आमच्यासाठी विनंती कर’ असे म्हणायला सुचवले, तेव्हा आजी म्हणाली, “मारियामातेला दोन्ही कळतं गं.”

वर्षातला तिचा सर्वांत मोठा दिवस आगेऱ्याचा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये भाताची पहिली लोंबी चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा. आमचे शेत आधी कारखान्याच्या आणि नंतर इमारतींच्या पोटात गेले, तरी ती कोणाला तरी वसईला पाठवून लोंब्या आणवत असे आणि घरातल्या आल्तारावरच्या (देव्हाऱ्यावरच्या) तसबिरीमागे वर्षभर खोचून ठेवत असे. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळीचा क्रूस ती स्वतः विणून दारावर लावी आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी, न विसरता चर्चला परत देई, कारण त्याच झावळ्यांची राख कपाळी लावली जाते. यंदा राखेचा बुधवार येऊन गेला, पण दारावरचा क्रूस कोणी उतरवला नाही.